राफेल वेगळे का झाले?

१९८५च्या ऑगस्टमध्ये इटलीतल्या ट्युरिन शहरात ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि इटली यांनी एक लढाऊ विमान मिळून बांधायचे ठरवले. महिनाभरात स्पेनही त्यांना मिळाला. वाटाघाटींत असलेला फ्रान्स तेवढा बाहेर पडला. चौघांच्या विमानाचे पुढे ‘युरोफायटर टायफून’ झाले, फ्रान्सच्या एकट्याचे ‘राफेल’. या फारकतीचे कारण म्हणून द गॉलपासून चालत आलेला फ्रेंच अहंकार सांगितला जातो. हे स्पष्टीकरण मला आळशी वाटते. याच फ्रान्सने १९६५मध्ये ब्रिटनबरोबर ‘जग्वार’चा करार केला होता (आपल्या हवाई दलात आली ती हीच विमाने) आणि पुढे जर्मनीबरोबर ‘टायगर’ हेलिकॉप्टरही बांधले. अहंकार असा सोयीने येतो-जातो काय?

जग्वारची गोष्टच बारकाईने पाहावी. तिची फ्रेंच बाजू ब्रेगे कंपनीकडे होती. ती कंपनी दसॉच्या ताब्यात गेली. १९७३मध्ये जग्वारची नौदलासाठीची आवृत्ती रद्द झाली आणि तिची जागा दसॉच्याच ‘सुपर एतांदार’ने घेतली. अख्खे विमान एकटीने उभे करू शकणारी कंपनी घरात असली, की सरकारचे कान कुणाकडे असतात हे इथे कळते. १९८५मध्येही दसॉला नेतृत्व हवे होते, स्नेक्माला इंजिन हवे होते आणि नौदलाला जहाजावर उतरेल असे हलके विमान.

ब्रिटन मात्र या मांडणीत नीट बसत नाही. कुवत त्याच्याकडेही होती. पण त्याची तिजोरी खर्च वाटून घ्यायला उत्सुक होती, आणि जर्मनी-इटलीबरोबर ‘टोर्नेडो’ बांधून भागीदारीची सवय झालेली होती.

त्या सवयीची किंमत पाहा. टायफूनचा डावा पंख इटलीत, उजवा स्पेनमध्ये. जुळणीचे कारखाने चार देशांत चार. कामाचा वाटा मागणीच्या प्रमाणात ठरलेला. जर्मनीने २५० विमानांची मागणी १८०वर आणली, वाटा मात्र ३३ टक्क्यांवरून ३०वरच उतरला. एकट्या पडलेल्या फ्रान्सचेही फार बरे चालले नाही. राफेलचे पहिले उड्डाण १९८६चे. पहिला परदेशी खरेदीचा करार इजिप्तने केला तो २०१५मध्ये. तोवरचा बहुतेक भार फ्रेंच करदात्यावर होता.