फुलातून उगवलेला राजा

तुतनखामुन म्हटलं की सोन्याचा मुखवटा आठवतो. मला मात्र त्याच थडग्यातलं, तीसेक सेंटिमीटर उंचीचं एक लाकडी शिल्प जास्त भिडतं. लाकडावर गिलाव्याचा पातळ थर, त्यावर रंग. खाली निळी बैठक, म्हणजे पाणी. तिच्यावर उमललेलं फूल. आणि फुलातून थेट वर आलेलं एका पोराचं तांबूस डोकं. कवटी मागे लांबवलेली, कानाच्या पाळ्या टोचलेल्या, मुंडण केलेल्या डोक्यावर नुकते फुटू लागलेले केस बारीक ठिपक्यांनी दाखवलेले. (१९२४ साली तपासनिसांना हे शिल्प थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या सामानात, दारूच्या खोक्यात मिळालं आणि बराच गहजब झाला. तो विषय वेगळा.)

फूल आहे नाईलकाठच्या संथ पाण्यातल्या निळ्या कमलिनीचं, निम्फिया सिरुलियाचं. आपल्या कमळाशी तिचं जवळचं नातं नाही. कमळाची पानं पाण्याबाहेर उभी राहतात, हिची पाण्यावर पसरतात. शिवाय कमळ इजिप्तमध्ये पोहोचलं ते या राजानंतर आठेकशे वर्षांनी, इराणी राजवटीच्या सुमारास. तिथली पांढरी कमलिनी रात्री फुलते आणि तिच्या पाकळ्यांची टोकं गोलसर असतात. निळीच्या पाकळ्या टोकदार. इजिप्तचे चित्रकार हा फरक सहसा चुकवत नाहीत.

कथा अशी: आरंभी नून नावाचं अथांग पाणी होतं, त्यातून फूल वर आलं, उमललं, आणि आत सूर्यबालक होता. आपल्याला लगेच नाभिकमळातला ब्रह्मदेव आठवतो. पण कोणी कोणाकडून उचललं, हा वाद इथे उकरण्यात अर्थ नाही. कारण ही कथा त्या फुलाच्या दिनक्रमावरच बेतलेली आहे. कमलिनी सकाळी उमलते, दुपार कलता मिटते, दुसऱ्या सकाळी पुन्हा उघडते. असं दोन-तीन दिवस चालतं. निळ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. त्यात आकाशातला सूर्य दिसायला वेगळी प्रतिभा लागत नाही. शिल्पकाराने एवढंच केलं, की केसर हटवून त्या जागी राजाचं डोकं बसवलं.

त्याच जागी फुलाचा एक क्रूर कारभारही चालतो. पहिल्या दिवशी मधल्या कुक्षीच्या वाटीत द्रव साठलेला असतो. घसरलेली माशी त्यात बुडते आणि तिने दुसऱ्या फुलाहून आणलेला पराग धुऊन कुक्षीला मिळतो. पुढच्या दिवशी द्रव नसतो; आता केसर स्वतःचा पराग देऊ लागतात. जन्माच्या कथेत या बुडण्याला जागा मिळालेली नाही.

मरणात मात्र फुलाला जागा होती. मृतांच्या ग्रंथातला ८१वा मंत्र मेलेल्याला हेच फूल होता यावं म्हणून आहे. दुसऱ्या रामसेस राजाची ममी १८८१ साली उजेडात आली, तेव्हा तिच्यावर याच पाकळ्या ओवलेल्या माळा होत्या.

फुलण्याचे दिवस सरले की फूल पाण्याखाली जातं ते परत येत नाही. फळ तिथेच पिकून फुटतं, बिया काही काळ तरंगतात आणि दूर कुठेतरी तळाला जाऊन रुजतात. एवढी अर्धी गोष्ट शिल्पकाराने सोडून दिली, आणि ते बरोबरच केलं. त्याला राजाचा वंश सांगायचा नव्हता. तोच राजा परत हवा होता.