सर हम्फ्री आणि शाळेतल्या बाई

गेल्या दिवाळीत फराळ आटोपून घरातली मंडळी सुस्तावली होती, तेव्हा चिरंजीवांनी एक जुनी इंग्रजी मालिका लावली. 'येस मिनिस्टर' आणि तिचाच पुढचा अवतार 'येस, प्राइम मिनिस्टर'. मी सरकारी नोकरीत जन्म काढलेला माणूस. पडद्यावरचे ते सचिव, त्या फाइली आणि ती गुळगुळीत वाक्ये पाहून मला अगदी स्वगृही आल्यासारखे वाटले. मी मनमुराद हसलो. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजवला आहे. शिक्षणावरचा एक भाग संपला तेव्हा त्या हातात चकली तशीच धरून बसल्या होत्या. "अहो, यात शिकवणाऱ्याला कोणी काही विचारले का?" एवढेच त्या म्हणाल्या. त्या वेळी मी प्रश्न हसण्यावारी नेला. तो गेला मात्र नाही, म्हणून हा लेख.

प्रथम मालिकेचे ऋण मान्य केले पाहिजे. अँटनी जे आणि जोनाथन लिन या जोडीने लिहिलेली ही मालिका बीबीसीने १९८० ते १९८८ या काळात दाखवली. जिम हॅकर हा गोंधळलेला, पण मनाने अगदीच वाईट नसलेला मंत्री. सर हम्फ्री अ‍ॅपलबी हा त्याचा धूर्त सचिव. आणि या दोघांमध्ये अडकित्त्यातल्या सुपारीसारखा सापडलेला बर्नार्ड. पॉल एडिंग्टन, नायजेल हॉथॉर्न आणि डेरेक फाउल्ड्स यांनी ही त्रिमूर्ती अशी उभी केली आहे की, इंग्रजी अर्धेमुर्धे कळले तरी हसू आवरत नाही. येथला विनोद पडण्याधडपडण्याचा नाही. तो वाक्यरचनेत आहे. हम्फ्रीचे एखादे वाक्य वळणे घेत इतके लांबत जाते की मंत्र्याला हवे असलेले उत्तर त्यात कोठेतरी बुडून जाते. २००१ साली स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी' या नावाने हीच मंडळी हिंदीत आली. फारुख शेख यांनी मंत्री रंगवला.

आता तो शिक्षणाचा भाग. २१ जानेवारी १९८८ रोजी तो प्रथम दाखवला गेला. पंतप्रधान झालेल्या हॅकरला शाळांची काळजी वाटू लागते, आणि त्याची सल्लागार डोरोथी त्याला एक जालीम उपाय सुचवते: पालकांना शाळा निवडू द्या आणि शिक्षणखातेच बंद करून टाका! हम्फ्रीच्या पायांखालची जमीन सरकते. त्याचे बोलणे ऐकताना माझ्यातला कारकून सावध झाला. मजूर पक्ष सत्तेवर आला की आम्ही त्याला सांगतो, मुले निवडून घेणाऱ्या शाळांमुळे समाजात फूट पडते. आणि हुजूर पक्ष आला की सांगतो, त्या शाळा महाग पडतात. कारण दोन, निर्णय मात्र एकच! शेवटी, या मालिकेतल्या बहुतेक सुधारणांप्रमाणे, ही योजनाही बारगळते.

ही केवळ थट्टा नव्हे. १९६५ साली मजूर पक्षाच्या सरकारने परिपत्रक काढून सर्व मुलांसाठी एकत्रित शाळांचा आग्रह धरला. १९७० साली मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री झाल्या आणि त्यांनी ते परिपत्रक मागे घेतले. तरीही त्यांच्याच कारकिर्दीत अशा शाळांच्या योजना मोठ्या संख्येने मंजूर होत राहिल्या. फलक बदलला, दुकान तेच राहिले. लेखकद्वयाने हे नेमके पकडले आहे.

पण येथेच माझी तक्रार सुरू होते. या नाटकात मंत्री दुबळा आणि सचिव सबळ. प्रत्यक्षात काय घडले? हा भाग दाखवला गेला त्याच वर्षी, जुलै १९८८मध्ये, ब्रिटनमध्ये नवा शिक्षण कायदा झाला. पालकांच्या निवडीला त्यात बळ मिळाले, शाळांना स्थानिक संस्थांच्या कक्षेबाहेर पडण्याची वाट मिळाली, आणि मुलांनी काय शिकावे हे ठरवणारा राष्ट्रीय अभ्यासक्रमही आला. गंमत अशी की, शाळांनी पक्षीय मतांचा प्रचार करू नये असे बंधन १९८६च्या कायद्याने घातले होते. शिक्षकाने राजकारण वर्गाबाहेर ठेवावे, हे योग्यच. पण दोनच वर्षांत मंत्रिमहोदय कायद्याचा हात धरून अभ्यासक्रमात शिरले. पडद्यावर हम्फ्री जिंकला, बाहेर मंत्री जिंकला.

शिवाय डोरोथीचा उपाय मालिकेत जणू निखळ शहाणपण म्हणून येतो. वस्तुतः तोही एक राजकीय पक्षच होता. १९८४ साली पंतप्रधान थॅचर यांनी एका पारितोषिक समारंभात एडिंग्टन आणि हॉथॉर्न यांच्यासमवेत या पात्रांचा एक छोटा प्रवेश स्वतः करून दाखवला. ज्या विनोदात राज्यकर्त्यांना हौसेने भूमिका करावीशी वाटते, त्याचे दात कोणाला लागतात, हे तपासून पाहायला हवे.

याच्या उलट टोकाला 'माइंड युअर लँग्वेज' ही १९७७ सालची मालिका. आपल्याकडे १९९३ साली पंकज कपूर यांच्या 'जबान सँभाल के'मध्ये तिचे रूप आले. तेथे नुसता वर्ग आहे, राज्यव्यवहाराचा वाराही नाही. आणि हसू येते ते देशोदेशीच्या माणसांच्या ठरीव साच्यांवर. एकीत शाळा आहे, सत्ता नाही. दुसरीत सत्ता आहे, शाळा जवळजवळ नाही. सत्ता शाळेच्या उंबऱ्यात पाऊल ठेवते तो क्षण दोघींच्याही हातून निसटला आहे.

तो क्षण मी पाहिला आहे. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या हाती गेल्या. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, एका जिल्ह्याच्या कचेरीत मी बदल्यांच्या टेबलावर होतो. एका गावच्या बाईंनी परीक्षेच्या दिवशी पुढाऱ्यांच्या स्वागतासाठी मुलांना उन्हात उभे करायला नकार दिला. पंधरवड्यात तोंडी निरोप आला. बाईंची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला करायची होती आणि टिप्पणीत कारण लिहायचे होते. मी लिहिले: 'प्रशासकीय सोयीस्तव'. माझे अक्षर सुवाच्य होते. साहेबांनी वाखाणले.

आता कळते की हम्फ्रीला पाहून मी इतका का हसलो. त्याच्या जातीचा म्हणून मी स्वतःला त्याच्याएवढा समजत होतो. पण हम्फ्री निदान मंत्र्याला अडवतो. मी मंत्र्याच्या कार्यकर्त्यालाही अडवले नाही. आमच्याकडे सत्तेला अडवणारे ते लांबलचक वाक्य नव्हते. सत्तेला वाट देणारे दोन शब्द होते. २०१७पासून जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या संगणकावर होऊ लागल्या. ती सुधारणा मला मनापासून पटली, कारण संगणकाला तोंडी निरोप कळत नाही.

या दिवाळीतही आम्ही ही मालिका पाहणार आहोत, आणि वाचकांनीही ती मुलाबाळांसह जरूर पाहावी. इतक्या वर्षांनंतरही ती शिळी झालेली नाही. मंत्री आणि सचिव यांच्या झटापटीचे एवढे नेमके चित्र मी दुसरे पाहिले नाही. फक्त ते अर्धे चित्र आहे. उरलेल्या अर्ध्यात एक बाई ट्रंक घेऊन एस.टी.च्या थांब्यावर उभ्या आहेत, आणि त्यांच्या हातातल्या कागदावरचे अक्षर माझे आहे. सौभाग्यवतींना हे मी अजून सांगितलेले नाही. अंक घरी येईल तेव्हा त्या वाचतीलच.