शाहिराचे नाव आणि शाहिराचे घर

शाहीर लोकांचा असतो, असे आपण अभिमानाने म्हणतो. मग शाहिराच्या घरात वाढणारे मूल कोणाचे असते? हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन १९८४ साली आले, तेव्हा त्यावर चर्चा पुष्कळ झाली. पण ती बहुतांशी एकाच अंगाने झाली. नामदेव ढसाळांविषयी काय लिहिले आहे, हे पाहण्यासाठी पुस्तक उघडायचे आणि आपापल्या सोयीचा निष्कर्ष घेऊन मिटायचे. लोकशाहीर अमर शेख यांच्या मुलीचे बालपण सांगणारा आधीचा भाग केवळ प्रास्ताविक समजून ओलांडला जातो. माझ्या मते तो भाग वगळला की पुढच्या भागाचा अर्थच लागत नाही.

अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६. गिरणीत राबलेला, कामगार चळवळीत घडलेला हा माणूस अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकाचा आधारस्तंभ झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने भरली. 'प्रपंच' (१९६१) या चित्रपटातून तो चेहरा पडद्यावरही पोचला. ऑगस्ट १९६९ मध्ये अपघाताने त्यांचा अंत झाला, तेव्हा मल्लिका बारा वर्षांच्या होत्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. 'अमर शेख' हे जन्माने मिळालेले नाव नव्हे. ते कलावंताचे, लोकांत रुजलेले नाव आहे. आपल्या समाजात आडनाव सांगितले की जात कळते, जात कळली की पुढची वागणूक ठरते. अशा समाजात या मुलीला वारसा म्हणून मिळाले ते बापाने आवाजाच्या जोरावर कमावलेले नाव. वडील मुसलमान, आई हिंदू, घर कम्युनिस्ट. जातीच्या वहीत या घराची नोंद कोठे करायची, हेच समाजाला कळू नये! लग्नानंतरही लेखिका म्हणून त्यांनी हेच नाव चालवले. 'वाळूचा प्रियकर' (१९७९) या पहिल्या कवितासंग्रहापासून ते त्यांच्यासोबत आहे. याला केवळ पितृप्रेम म्हणून चालणार नाही. जन्माने लादलेल्या ओळखीला दिलेला तो नकारही आहे.

दलित आत्मकथनांशी तुलना केली की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. 'बलुतं' (१९७८) किंवा 'उपरा' (१९८०) यांतला मुलगा नाव नसलेल्या, किंवा शिवीसारखे नाव असलेल्या जागेतून वर येतो. त्याचा सारा झगडा माणूस म्हणून नाव मिळवण्याचा असतो. मल्लिकांच्या वाट्याला उलटे आले. नाव आधीच मोठे, आणि त्या नावाखाली स्वतःची जागा शोधायची. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनात तिसरीच तऱ्हा दिसते. आई तमाशात नाचणारी. तिच्यावर पैसे उधळणारे पुष्कळ, पण तिच्या मुलाला बाप म्हणून नाव द्यायला कोणी नाही. तो मुलगा डॉक्टर झाला आणि त्याने वडिलांच्या नावाच्या जागी आईचे नाव लावले. शाहिराच्या मुलीला बापाच्या नावाने मान मिळतो, नाचणारणीच्या मुलाला आईच्या नावाने हिणवले जाते. दोघांचेही पालक लोकांचे रंजनच करीत होते. मग हा फरक कोठून आला? पुरुषाने व्यासपीठावर उभे राहून गायले की ती कला ठरते; कोल्हाटी समाजातली बाई फडात नाचली की तो तिचा जातधंदा ठरतो. रंजनाच्या जगातही जात आणि पुरुषसत्ता जागच्या जागी असतात, हे ही दोन पुस्तके शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

आता घराकडे येऊ. चळवळीतल्या माणसाच्या घराचे दार उघडे असते. शाहिराच्या घरात कलावंत, कॉम्रेड, कार्यकर्ते यांचा राबता. त्या घरात मल्लिकांना वडिलांची माया भरभरून मिळाली. आजारी, अशक्त अशा या मुलीला जपले गेले. बाप लोकांचा आहे आणि तरीही आपला आहे, हा अनुभव तिच्या मनात पक्का झाला. किशोरवय सरता सरता ती दुसऱ्या एका लोकांच्या माणसाच्या घरात गेली. 'गोलपिठा'चा कवी, दलित पँथरचा संस्थापक. येथेही दार उघडे, येथेही माणसांची वर्दळ. पण हे उघडे दार कोणाच्या श्रमावर, कोणाच्या भुकेवर, कोणाच्या दुखऱ्या शरीरावर उघडे राहते, हे तिला आता कळले. मुलगी म्हणून जे वैभव वाटले होते, तेच पत्नी म्हणून ओझे झाले. पुस्तकाचे दोन भाग असे एकमेकांना जोडलेले आहेत. पहिला भाग सुखाचा आणि दुसरा दुःखाचा, अशी सोपी विभागणी करून भागत नाही.

या पुस्तकाचा दोन बाजूंनी गैरवापर झाला आहे. पांढरपेशा वाचकाने ते पँथरला झोडपण्याची काठी म्हणून वापरले. जणू बायकोला मारणारे पुरुष सदाशिव पेठेत नसतातच! दुसरीकडे आपल्यातल्या काहींनी ही बाई दलित नाही, तिचे दुःख मध्यमवर्गीय आहे, असे म्हणून प्रश्न झटकला. दोन्ही भूमिका अप्रामाणिक आहेत. माणसाच्या मुक्तीची भाषा बोलणाऱ्या चळवळीने आपल्या घरातल्या बाईची साक्ष जात विचारून ग्राह्य वा अग्राह्य ठरवायची, याला कोणता आंबेडकरवाद म्हणायचे? हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचे नाव आपण घेतो, हे तरी आठवावे.

पुस्तकाला मर्यादाही आहे, ती सांगितली पाहिजे. पतीची चिकित्सा जितकी निर्दय आहे, तितकी वडिलांची नाही. याचे कारण उघड आहे. बाप गेला तेव्हा मुलगी बारा वर्षांची होती. त्याच्याशी भांडायचे वय येण्याआधीच तो गेला. म्हणून तो बारा वर्षांच्या मुलीच्या नजरेतच राहिला. काळ्यांना आपल्या आईला जाब विचारता आला, म्हणून त्यांची शांताबाई पूर्ण माणूस म्हणून उभी राहते. तिच्याविषयी राग आहे आणि करुणाही आहे. मल्लिका यांचे अमर शेख मात्र दंतकथेच्या जवळ राहतात. सत्ताविसाव्या वर्षी लिहिलेल्या या पुस्तकाकडून याहून अधिक मागणे कदाचित अन्यायाचे होईल. पण वाचकाने हा फरक ओळखलाच पाहिजे.

२०१६ साली जेरी पिंटो यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला आणि ते नव्या वाचकांपर्यंत गेले. आपल्या वस्त्यांतल्या अभ्यासवर्गांत मात्र ते आजही क्वचितच वाचले जाते. घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेले अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले; त्यानंतर दीड महिन्याच्या आत अमर शेख गेले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि काही दिवसांतच मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. या सर्वांची जयंती, स्मृतिदिन आपण करतो, त्यांची गाणी गातो. पण शाहिरामागे राहिलेल्या घराचे भाडे, मुलांची फी, बाईचे आजारपण हा चळवळीच्या हिशेबाचा विषय कधी झाला? मल्लिका अमर शेख यांनी तो हिशेब एकट्याने मांडला आणि तो मांडला म्हणून त्यांना आपण परके ठरवले. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हे पुस्तक पुन्हा हाती घ्यावे आणि या वेळी ते पहिल्या पानापासून वाचावे.