हृदय विज्ञानात, मन कलाशाखेत?

डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ शिक्षकांनी विज्ञानाचे पुस्तक म्हणून वाचावे. आहार, ताण आणि हृदयाच्या रोहिण्या यांचे नाते इथे डॉक्टरच रुग्ण होऊन तपासतो. मात्र एकाचा अनुभव हा पुरावा नव्हे. डीन ऑर्निश यांच्या १९९० सालच्या चाचणीत ४८ रुग्ण, दोन गट होते. पण आहार, व्यायाम, ध्यान सारे एकदमच बदलल्याने गुण नेमका कशाने आला, हे तिथेही उलगडत नाही. ते शोधायला जीवशास्त्र, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र एकत्र शिकायला हवे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात अशी पदवी आहे. राजोडीहून वसईच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलापुढे मात्र बहुधा आधी शाखेचा प्रश्न येतो! लेखक साक्षात्काराकडे झुकतो ती पाने वर्गात मुद्दाम वाचावीत आणि मुलांना शंका विचारू द्याव्यात.