भाता आणि गज

झाशीत पावसाळा लागला की आल्हा गाणारे अल्हैत यायचे. ढोलकीवर थाप पडली की महोब्याचे वीर आल्हा-ऊदल लढाईला निघत, मोठी माणसं ओसरीवर सरसावून बसत आणि आम्ही पोरं मागे पिठाचा डबा बडवत अल्हैताची नक्कल करायचो. चित्रकार डेव्हिड विल्कीच्या ‘द ब्लाइंड फिडलर’ या चित्रावरून जॉन बर्नेटने १८११ मध्ये केलेलं एन्ग्रेव्हिंग पाहिलं, तेव्हा तो डबाच आठवला. इथेही एक पोरगं चुलीचा भाता हातात धरून फिडल वाजवतंय!

मूळ तैलचित्र १८०६चं. तेव्हा विल्की जेमतेम विशीतला. दारोदार फिरणारा आंधळा वादक एका साध्या घरात गज चालवतोय. सूर तर रंगवता येत नाहीत, म्हणून विल्कीने ऐकणं रंगवलं. बाप चुटक्या वाजवतोय, आईच्या मांडीवरचं तान्हं खुललंय. भातेवाला पोरगा सोडला, तर बाकीचे मात्र गप्प. फळीवरच्या छोट्या अर्धपुतळ्याकडे पाहिलं की या गप्प राहण्याचा थोडा उलगडा होतो. तो प्रस्थापित चर्चपासून फुटून निघालेल्या पंथाच्या धर्मोपदेशकाचा आहे आणि त्या पंथांतल्या काहींना असलं गाणंबजावणं पसंत नव्हतं. म्हणजे घरात सूर शिरलेत, पण फळीवरून पहाराही आहे. त्या पहाऱ्याला न जुमानणारे तिघंच: बाप, तान्हं आणि भातेवाला.

बर्नेटच्या हाती रंग नव्हते. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि कागद दाबून छाप उठवायचा. रेघा दाटल्या की अंधार, विरळ झाल्या की उजेड; एवढ्याच भांडवलावर त्याने अख्खं घर उभं केलं. विल्कीची ऊबदार तपकिरी छटा इथे गेली, पण त्यामुळे चेहरे जास्त बोलके झाले. कोण डोलतंय आणि कोण नुसतंच बसलंय, हे रेघेत लपत नाही.

शेवटी नजर थांबते ती वादकाच्या बायकोपाशी. जवळ मूल, चेहऱ्यावर ना कौतुक ना ताल. ही धून तिने किती उंबऱ्यांवर ऐकली असेल! घरच्यांची ही करमणूक, तिची भाकरी.

आमच्या ओसरीवरही अल्हैताबरोबर कुणीतरी झोळी सांभाळत बसलेलं असायचं. ढोलकी आठवते, डबा आठवतो. तो चेहरा काही केल्या आठवत नाही.