खिडकीबाहेरची आई

गरीब मुलगी श्रीमंतांच्या घरात जाते, ही मूकपटांची आवडती गोष्ट. बहुतेक वेळा लग्न लागते आणि चित्रपट संपतो. हेन्री किंग यांचा ‘स्टेला डॅलस’ (१९२५) लग्नानंतर काय होते ते सांगतो, म्हणून त्याची दखल घेतली पाहिजे. ऑलिव्ह हिगिन्स प्राउटी यांच्या १९२३ च्या कादंबरीवरून फ्रान्सिस मॅरियन यांनी त्याची पटकथा लिहिली.

स्टेला अमेरिकेतल्या एका गिरणीगावातली, कामगाराच्या घरातली. स्टीफन डॅलस बड्या घरातला. त्याच्या बापाने पैशांची अफरातफर केली आणि जीव दिला; त्या बदनामीपासून दूर जावे म्हणून मुलगा या गावात आला. दोघांचे लग्न होते, मुलगी होते, आणि मग नवऱ्याला बायकोचे हसणे, कपडे, मित्र खटकू लागतात. इथला न्याय पाहण्यासारखा आहे. बापाच्या अफरातफरीने मुलाच्या खानदानीपणाला डाग लागत नाही. स्टेलाचा नट्टापट्टा मात्र अक्षम्य ठरतो. कुलीनता वारशाने मिळते आणि बापाच्या गुन्ह्यानेही ती जप्त होत नाही, हे चित्रपट नकळत सांगून जातो.

मूकपटात बोलण्याची ढब ऐकू येत नाही. म्हणून स्टेलाची ‘पायरी’ तिच्या अंगावर चढवावी लागते. बेल बेनेट यांच्या त्या वेषाला प्रेक्षक आधी हसतो, म्हणजे वरच्या वर्गाच्या बाजूने बसतो. पुढे मुलीच्या वाढदिवसाचे टेबल मांडलेले असते आणि एकही पाहुणा येत नाही, तेव्हा तोच प्रेक्षक गप्प होतो.

शेवटी मुलगी लॉरेल बापाच्या जगात सुखी व्हावी म्हणून स्टेला स्वतःच वाईट असल्याचे सोंग घेते. लॉरेलचे लग्न लागते. आई पावसात, कुंपणाबाहेर उभी राहून खिडकीतून ते पाहते. पोलीस तिला हटकतो. ती समाधानाने निघून जाते. प्रेक्षक डोळे पुसतो.

आमचा आक्षेप त्या समाधानाला आहे. आईचे प्रेम खोटे नाही. पण त्या प्रेमाखाली एक प्रश्न पुरला जातो : तिला बाहेर कोणी ठेवले? हाकलणाऱ्यांचे हात स्वच्छ राहावेत म्हणून हाकललेलीच आपण होऊन निघते, आणि याला त्याग म्हटले जाते. १९३७ साली किंग विडोर यांनी हीच कथा बोलपटात आणली. पडद्यावर शब्द आले; आई बाहेरच राहिली.

हा त्याग आपल्या ओळखीचा आहे. शिकून वर गेलेल्या मुलाच्या दिवाणखान्यात आपल्या आयाही अवघडून बसतात. पाहुणे यायच्या आत स्वयंपाकघरात जातात. गरिबी चांगल्या कपड्यांनी झाकता येते, जात झाकत नाही. म्हणून आपल्याकडे ही लपवाछपवी अधिक क्रूर होते. त्या घराचा दरवाजा मोडायचा की त्याच्याकडे पाठ फिरवायची, यावर वाद घालू. पण पावसात उभ्या असलेल्या आईच्या मोठेपणाचे गोडवे गाणे आता पुरे.