सोडलेल्या चेंडूचे बळ

लातूर आणि नांदेड ही शहरे आता शिकवणी वर्गांची शहरे म्हणून ओळखली जातात. 'लातूर पॅटर्न' हा शब्दप्रयोग तर गुणवत्ता याद्यांच्या काळापासून महाराष्ट्रभर रूढ आहे. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची मुले येथे खोली घेऊन राहतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत घोकतात. त्यांना शिक्षकांकडून आणि वडीलधाऱ्यांकडून एक वाक्य हटकून ऐकावे लागते : 'मन खंबीर पाहिजे!' पाठोपाठ दाखला येतो तो क्रिकेटचा. अमुक फलंदाज बघ, कसा तुटून पडतो. तमुक बघ, कसा कुणाला भीत नाही.

क्रिकेटचा दाखला आम्हांला मान्य आहे. मात्र तो उलटा वाचला जातो, असे आमचे मत आहे. याला आपले क्रिकेटलेखनही काही अंशी जबाबदार आहे. आखाड्याची आणि रणांगणाची भाषा त्याच्या अंगवळणी पडली आहे. गोलंदाजी 'फोडून काढली', प्रतिस्पर्ध्याला 'चारी मुंड्या चीत केले', यापलीकडे मनोबलाचे वर्णन सहसा जात नाही. फलंदाजाने जे केले ते लिहिले जाते. जे करण्याचे त्याने टाळले ते लिहिले जात नाही. म्हणून एखाद्या ग्रंथाचे करावे तसे काही खेळींचे परीक्षण येथे करण्याचे योजिले आहे.

आरंभ मराठवाड्यातूनच करू. संजय बांगर यांचा जन्म १९७२ साली लातूरच्या शेजारच्या बीड येथे झाला. २००१-०२ मध्ये रेल्वेने रणजी करंडक प्रथमच जिंकला, त्या संघातले ते अष्टपैलू खेळाडू. ऑगस्ट २००२ मध्ये इंग्लंडमधील लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर कर्णधार सौरव गांगुली यांनी नाणेफेक जिंकून, चेंडू हलत असतानाही, प्रथम फलंदाजी घेतली. डावाची सुरुवात करण्यास पाठविले ते मुळात खालच्या क्रमांकावर खेळणाऱ्या बांगर यांना. वीरेंद्र सेहवाग लवकर बाद झाले तेव्हा धावसंख्या होती १५. त्यानंतर बांगर आणि राहुल द्रविड यांनी १७० धावांची भागीदारी केली. पुढे द्रविड १४८, सचिन तेंडुलकर १९३, गांगुली १२८ असे आकडे फलकावर चढले, भारताने ८ बाद ६२८ वर डाव घोषित केला आणि सामना एक डाव व ४६ धावांनी जिंकला. तीन शतकांच्या या झगमगाटात बांगर यांच्या ६८ धावा कोणाच्या लक्षात राहणार? पण त्यासाठी ते २३६ चेंडू खेळले. त्यांतले कितीतरी त्यांनी बॅट वर उचलून नुसते जाऊ दिले.

मराठवाड्याच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. पहिल्या सरीने माती भिजली म्हणून तो लगेच तिफण धरत नाही; वापसा येईपर्यंत थांबतो. शेजारच्या शिवारात पेरणी सुरू झालेली दिसत असताना थांबणे हे पेरण्याहून कठीण काम आहे. बांगर यांची ती खेळी वापशाची वाट पाहणारी होती. जमीन तयार झाल्यावर पेरायला दुसरे आले, एवढेच.

याच हेडिंग्लेवर पन्नास वर्षांपूर्वी, १९५२ साली, सांगलीच्या विजय सॅम्युएल हजारे यांनी याहून बिकट प्रसंग पाहिला होता. दुसऱ्या डावात फलकावर शून्य धावा आणि चार फलंदाज बाद! फ्रेड ट्रुमन आपला पहिलाच कसोटी सामना खेळत होते. पहिल्या डावात १३३ धावा करणारे विजय मांजरेकर यांचाही त्रिफळा शून्यावर उडाला होता. कर्णधार हजारे आले आणि ५६ धावा करून गेले. दत्तू फडकर यांच्यासह त्यांनी १०५ धावांची भर घातली. सामना भारताने गमावलाच. त्याआधी जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध हजारे यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ धावा काढल्या होत्या. असे करणारे ते पहिले भारतीय. तो सामनाही भारत एका डावाने हरला होता.

हजारे मराठी ख्रिस्ती होते, म्हणून आपल्या मंडळींना त्यांचा अभिमान वाटतो, आणि तो वाटावा. परंतु त्यांच्या कीर्तीतला एक धागा आपणही दुर्लक्षिला आहे. १९४३ च्या पंचरंगी सामन्यांत 'उर्वरित' संघाकडून हिंदू संघाविरुद्ध त्यांनी फॉलोऑननंतर ३८७ पैकी एकट्याने ३०९ धावा केल्या. त्या डावात त्यांचे बंधू विवेक यांच्यासह ३०० धावांची भागीदारी झाली. तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा! बाद न होता दुसऱ्या टोकाला उभे राहणे, एवढेच काम त्यांनी पत्करले आणि निभावले. मनोबलाचा अभ्यास करणाऱ्याने आमच्या मते त्या ३०९ इतकेच या २१ धावांकडेही पाहावे.

फलंदाजाने चेंडू सोडावा, तसेच प्रशिक्षकानेही काही सोडावे लागते. हजारे यांची उभे राहण्याची ढब विचित्र होती : बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये धरलेली आणि मुठीवरचे हात एकमेकांपासून दूर. त्यांना मार्गदर्शन लाभले ते कसोटीत २०० बळींचा टप्पा प्रथम गाठणाऱ्या क्लॅरी ग्रिमेट यांचे. ग्रिमेट यांनी ही ढब तशीच राहू दिली. पुस्तकात बसत नसले तरी या माणसाला ते साधते, हे ओळखून हात आवरणे हा गुरूचा संयम होय.

दादरच्या शिवाजी पार्कवरील रमाकांत आचरेकर यांचा संयम निराळा. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवायचे; सचिनला जो बाद करील त्याचे ते, न झाल्यास सचिनचे. सर मला कधी 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत, हे तेंडुलकर यांनी नोव्हेंबर २०१३ च्या निरोपाच्या भाषणात सांगितले. या मौनाचे फळ जानेवारी २००४ मध्ये सिडनीला दिसले, असे म्हणता येईल. मालिकेतल्या आधीच्या पाच डावांत ०, १, ३७, ० आणि ४४ अशी गत झालेली. तेंडुलकर यांनी आपला लाडका कव्हर ड्राइव्हच बाजूला ठेवला आणि ४३६ चेंडूंत नाबाद २४१ धावा केल्या. ज्या फटक्याने नाव दिले त्याच्यावर पाणी सोडणे सामान्य मनाला जमत नाही.

मात्र येथे दोन इशारे द्यावेसे वाटतात. पहिला असा, की आचरेकरांचे मौन त्या शिष्याला मानवले म्हणून तो सर्वांसाठी नियम होत नाही. गुरू दिवसभर मैदानावर हजर होता, म्हणून शिष्याला त्या मौनाचा अर्थ कळत होता. दुसरा असा, की संयमाचाही अतिरेक होतो. कर्णधारपदाच्या ओझ्याने हजारे यांच्या फलंदाजीचे नुकसान केले, असे विजय मर्चंट यांचे मत होते. ते खोडून काढणे आम्हांला कठीण वाटते. सोडायचे काय आणि खेळायचे काय, हा विवेक सुटला की धीराचा भित्रेपणा होतो.

आता पुन्हा बांगर यांच्याकडे वळू, कारण पुढे तेच भारतीय संघात मार्गदर्शकाच्या जागी आले. २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात विराट कोहली यांना कसोटीतील दहा डावांत मिळून १३४ धावा करता आल्या. ती कसोटी मालिका संपल्यावर बांगर संघाच्या मार्गदर्शकांत दाखल झाले. २०१८ मध्ये त्याच देशात कोहली यांनी ५९३ धावा केल्या. याचे सारे श्रेय एका मार्गदर्शकाच्या पदरात घालणे योग्य नव्हे. आणि २०१९ च्या विश्वचषक उपान्त्य सामन्यात पहिले तिघे फलंदाज प्रत्येकी एका धावेवर बाद झाले, त्याचे सारे अपश्रेयही त्याच्या माथी मारता येणार नाही. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये फलंदाजीच्या मार्गदर्शकाची जागा विक्रम राठोड यांच्याकडे गेली. गोलंदाजी व क्षेत्ररक्षणाचे मार्गदर्शक मात्र कायम राहिले. गुणपत्रिकेवरून शिक्षकाची किंमत ठरविण्याची रीत एकट्या लातूर-नांदेडचीच नाही, असे दिसते.

या सगळ्यात आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती नोव्हेंबर २०१९ मधली एक कबुली. ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेल यांनी मनाच्या थकव्यासाठी विश्रांती घेतली, तिचे समर्थन करताना कोहली म्हणाले की, २०१४ मध्ये आपल्यालाही सारे संपले असे वाटत होते आणि कुणाशी कसे बोलावे हे कळत नव्हते. ज्याच्या आवेशाचे दाखले मुलांना दिले जातात, तोच हे सांगत होता. पाऊल कुठे पडते हे दाखविणारे भोवती पुष्कळ असतील. मनाचे सांगता येईल असे कोणी त्याला तेव्हा दिसले नाही. आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणाची खरी उणीव ती हीच. चित्रफिती, आकडेवारी, सराव यांची रेलचेल झाली; पण 'मला जमत नाही' हे वाक्य निर्भयपणे उच्चारण्याची सोय फार उशिरा झाली.

आणि ही उणीव आमच्या घरांतली, वसतिगृहांतली आणि वर्गांतलीही आहे. बारावीच्या मुलालाही ०, १, ३७ असे डाव येतात. त्याला तुटून पडण्याचा उपदेश पुरे झाला. एखादा प्रश्न सोडून पुढे जाणे, एखादे वर्ष, प्रसंगी एखादी वाटही सोडणे ही हार नव्हे, हे त्याला आपल्या तोंडून ऐकायचे आहे. विवेक हजारे यांच्यासारखे दुसऱ्या टोकाला उभे राहणारे कोणी त्याला हवे आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री नांदेडला किंवा लातूरला फोन लावणाऱ्या आईवडिलांनी 'किती पडतील?' हा प्रश्न तेवढा सोडून द्यावा. 'जेवलास का?' एवढे विचारावे, आणि मग तो काय बोलतो ते ऐकत राहावे.